हृदयरोग्याची गोळी खंडित होता कामा नये

1898 साली बंगळूर शहरात प्लेगची साथ आली. दाटीवाटीच्या पेठांतून माणसे मरू लागली, तेव्हा म्हैसूर संस्थानच्या राज्यकर्त्यांनाही एक गोष्ट मान्य करावी लागली : रोग हा केवळ रोग्याचा खाजगी प्रश्न नसतो. त्या साथीतून धडा घेऊन मल्लेश्वरमची मोकळी, रुंद रस्त्यांची वसाहत उभी राहिली. आज त्याच मल्लेश्वरममधील के. सी. जनरल या सरकारी रुग्णालयाच्या आवारात जयदेव हृदयरोग संस्थेचे उपकेंद्र आहे. प्लेग गेला, त्याची जागा रक्तदाब आणि हृदयविकार यांनी घेतली. सव्वाशे वर्षांपूर्वीचा धडा मात्र सोयीस्करपणे विसरला जात आहे.

29 ऑक्टोबर 2021 रोजी लोकप्रिय कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार यांचे वयाच्या अवघ्या 46 व्या वर्षी हृदयविकाराने निधन झाले. कर्नाटक सरकारने 2023 साली त्यांच्या नावाने योजना सुरू केली. हृदयाच्या रक्तवाहिनीतील गुठळी विरघळविणारे महागडे इंजेक्शन तालुका रुग्णालयात मोफत मिळावे, हा तिचा गाभा. तत्पूर्वी, न्यायालयात दाद मागितली गेल्यानंतर, फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राला स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घालावी लागली : औषधयुक्त स्टेंटसाठी 29,600 रुपये आणि साध्या स्टेंटसाठी 7,260 रुपये. ही दोन्ही पावले निःसंशय स्वागतार्ह आहेत.

परंतु झटका ओसरून रोगी घरी परतल्यानंतर काय? खरा प्रश्न येथेच सुरू होतो. स्टेंट बसविलेल्या रोग्याला रक्त गोठू न देणारी दोन औषधे, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, साधारणतः वर्षभर न चुकता घ्यावी लागतात. ती मध्येच थांबविली तर त्याच स्टेंटमध्ये पुन्हा गुठळी होऊ शकते. कोलेस्टेरॉल उतरविणारे ॲटोरव्हास्टॅटिन बहुधा आयुष्यभर चालते. मेटोप्रोलॉलसारखे औषध एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. रक्तदाबाचे तर दुखणेच जाणवत नाही. म्हणून ‘आता बरे वाटते’ असे म्हणून गोळी सोडली जाते आणि पुढे पक्षाघात दाराशी उभा राहतो. महिनाअखेरीस पैसे संपले की कष्टकऱ्याच्या घरात सर्वप्रथम कात्री लागते ती याच गोळ्यांना. मुलांच्या शाळेची फी थांबविता येत नाही, घरभाडे थांबविता येत नाही. गोळी थांबविता येते. हा रोग्याचा निष्काळजीपणा नव्हे, ही त्याच्यावर लादलेली निवड होय.

ही परिस्थिती आकाशातून पडलेली नाही. जयसुखलाल हाथी समितीने 1975 च्या अहवालात बहुराष्ट्रीय औषध कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण करावे आणि व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करावीत, अशी शिफारस केली होती. ती धूळ खात पडली. 1979 च्या आदेशानुसार 347 मूळ औषधे किंमत नियंत्रणाखाली होती; 1987 मध्ये ती 142 वर आणि 1995 मध्ये 74 वर आली. 2013 च्या आदेशाने अत्यावश्यक औषधांची यादी नियंत्रणाखाली घेतली खरी, पण उत्पादन खर्चाचा आधारच सोडून दिला. बाजारातील किमतींच्या सरासरीवर किरकोळ विक्रेत्याचा 16 टक्के नफा चढवून कमाल किंमत ठरू लागली. म्हणजे नफेखोरीलाच मोजपट्टी करून नफेखोरी मोजावयाची! यादीबाहेरील औषधांची किंमत तर दरसाल 10 टक्क्यांपर्यंत वाढविण्याची मुभा आहे. दुसरीकडे, देशाला पेनिसिलिन पुरविण्यासाठी उभारलेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या विक्रीचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर 2016 मध्ये घेतला. संधिवाती तापाने ज्या गरीब मुलांच्या हृदयाच्या झडपा निकामी होतात, त्यांना दर तीन-चार आठवड्यांनी लागणारे इंजेक्शन पेनिसिलिनचेच असते, याची आठवण कोणी ठेवली?

यावर उपाय अज्ञात नाही. 2017 पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत राबविलेल्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने मार्ग दाखविला आहे : मोजकी, ठरलेली, स्वस्त औषधे, घराजवळच्या आरोग्य केंद्रात एकदम महिनाभराचा पुरवठा, आणि न आलेल्या रोग्याचा पाठपुरावा. हीच पद्धत हृदयविकाराच्या प्रत्येक रोग्याला लागू झाली पाहिजे. स्टेंट मोफत आणि नंतरची गोळी विकत, हे धोरण अर्धवट आहे. मूळ नावाने औषधे लिहिली जावीत, तथापि त्यांच्या दर्जाची तपासणीही सरकारी प्रयोगशाळांत कसोशीने व्हावी. अन्यथा स्वस्त औषधावरील लोकांचा विश्वासच उडेल.

कामगार संघटना व वस्तीतील कार्यकर्ते यांनाही येथे काम आहे. रक्तदाब तपासणीची शिबिरे भरविणे, आरोग्य केंद्रातील औषध खिडकीवर कोणती गोळी संपली आहे याची नोंद ठेवून जाब विचारणे, डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून औषध बंद करू नये हे समजावणे, अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या रक्तदाब वाढवितात व दुबळ्या हृदयाला अपाय करतात हे सांगणे. छातीत दडपण आले तर ‘वायू झाला असेल’ म्हणून रात्र काढू नये, हेही घरोघर पोहोचले पाहिजे. कारण गुठळी विरघळविणारे इंजेक्शन पहिल्या काही तासांतच खरे उपयोगी पडते.

प्लेगच्या साथीने संस्थानी सरकारला नगर वसवावयास लावले. लोकशाही सरकारकडून दरमहा एका पाकिटाची अपेक्षा करणे, ही काही फार मोठी मागणी नव्हे.