अबोला, बीपी आणि बायबल

बीपी वाढण्याची कारणं विचारली की आम्ही डॉक्टर मीठ, वजन, दारू, तंबाखू, अपुरी झोप अशी यादी म्हणून दाखवतो. घरातलं भांडण त्या यादीत सहसा नसतं. पण गोळी वाढवूनही प्रेशर उतरत नाही, झोप नाही, अ‍ॅसिडिटी आहे, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, अशा वेळी मी पेशंटला विचारतो, "घरी कोणाशी बोलणं बंद आहे का?" बऱ्याचदा उत्तर येण्याआधी डोळ्यांत पाणी येतं.

वांद्र्यात प्रॅक्टिस करत असल्यामुळे माझे बरेच पेशंट ख्रिस्ती आहेत. त्यातले कित्येक इथल्या गावठाणातले, घरात मराठी बोलणारे ईस्ट इंडियन. मी स्वतः ख्रिस्ती नाही. पण पेशंट ज्या पुस्तकावर विश्वास ठेवतो त्यात भांडणाबद्दल काय लिहिलंय हे ठाऊक असलं की बोलणं सोपं जातं, म्हणून मी ते वाचलं. आणि माझं मत असं झालं की भांडण कसं करावं आणि कसं मिटवावं याबद्दल त्यात जे आहे ते पुष्कळदा वैद्यकीयदृष्ट्याही शहाणपणाचं आहे. फक्त माणसं त्यातलं सोयीचं तेवढं उचलतात.

मत्तयच्या शुभवर्तमानाचा 18 वा अध्याय बघा. भावाने तुमचा अपराध केला तर आधी त्याच्याकडे एकट्याने जा आणि दोघंच असताना बोला. ऐकलं नाही तर एक-दोन जणांना सोबत न्या. तरीही नाही जमलं तर मंडळीपुढे ठेवा. येशूने सांगितलेला हा क्रम आहे. आपण नेमका उलटा चालतो. आधी फॅमिलीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, मग मावशीकडे, मग फादरकडे, मग वकिलाकडे. ज्याच्याशी भांडण आहे त्याला सगळ्यांत शेवटी कळतं, तेही तिसऱ्याच्या तोंडून आणि तिखटमीठ लावून. (हा रोग कुठल्याही एका धर्माचा नाही, हे वेगळं सांगायला नको.)

गावठाणातल्या जुन्या घरांचे वाद तर याच जातीचे. वडिलोपार्जित घर, त्यात चार भावंडांचा वाटा, एक परदेशात, एकाला रिडेव्हलपमेंट हवी, एकाला नको. दोन सख्खे भाऊ एकाच चर्चमध्ये, एकाच मिस्साला, पण बाकं वेगळी. मिस्सामध्ये शांतीचं अभिवादन होतं तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाला हात जोडायचे आणि सख्ख्या भावाकडे पाठ. मत्तयच्याच 5 व्या अध्यायात म्हटलंय की वेदीवर दान ठेवताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेवून आधी जाऊन समेट करा. इथे 'चूक कोणाची' हा प्रश्नच नाही. ज्याला आठवलं त्याने जायचं. पेशंटना ही गोष्ट सांगितली की ते गप्प होतात, कारण 'त्याने आधी यावं' यावरच वर्षं गेलेली असतात.

आता शरीरात काय होतं ते. भांडताना अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतात, नाडी व प्रेशर चढतं, डायबेटिस असेल तर साखरही. रागाचा मोठा उद्रेक झाल्यावर पुढचे दोनेक तास हार्ट अ‍ॅटॅकचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो. अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत 42 विवाहित जोडप्यांच्या हातावर मुद्दाम बारीक फोड आणून ते किती वेगाने भरतात हे मोजलं होतं. तो अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. वादाच्या विषयावर बोलल्यानंतर जखमा सावकाश भरल्या. ज्या जोडप्यांच्या बोलण्यात वैरभाव जास्त होता, त्यांचा जखम भरण्याचा वेग इतरांच्या साधारण 60 टक्के होता. म्हणजे टोमण्याचा परिणाम कातडीपर्यंत पोचतो.

पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका असं सांगितलंय. काही जोडपी हे इतकं शब्दशः घेतात की रात्री दोन वाजेपर्यंत 'आत्ताच मिटवू' म्हणून भांडत बसतात. थकलेला, नाडी शंभरच्या वर गेलेला माणूस ऐकून घेऊ शकत नाही. माझ्या मते त्या सांगण्याचा अर्थ राग पोसू नका, मुरवू नका असा आहे. म्हणून आवाज चढला की थांबा. "मला वीस-तीस मिनिटं दे, मग बोलू" असं सांगून बाजूला व्हा आणि सांगितल्याप्रमाणे परत या. हे सांगणं महत्त्वाचं. न सांगता निघून जाणं म्हणजे अबोला, आणि अबोला आठवडाभर पुरतो.

मराठी ख्रिस्ती संसाराचं सगळ्यांत मोठं उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाईंचं. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगलं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. लक्ष्मीबाई परत नवऱ्याकडे आल्या तेव्हा त्या हिंदूच होत्या, सोवळं-ओवळं सांभाळत होत्या. ख्रिस्ती झाल्या त्या पुढे, स्वतः विचार करून. 'स्मृतिचित्रे' वाचाल तर टिळकांचा तापट स्वभाव आणि लक्ष्मीबाईंची फटकळ उत्तरं दोन्ही भेटतील. तिथे मतभेद संपल्यावर एकत्र राहणं सुरू झालं नाही. एकत्र राहता राहता मतभेद हाताळले गेले. मला हे फार मोलाचं वाटतं.

पण एक गोष्ट इथे ठामपणे सांगतो. दुसरा गाल पुढे करा आणि सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करा ही वचनं मार खाणाऱ्या बाईला ऐकवण्यासाठी नाहीत. "पदर अडकला, पडले" असं सांगत येणाऱ्या बाईच्या दंडावर बोटांचे वळ असतात, तेव्हा तिथे 'दोन्ही बाजू' ऐकायच्या नसतात. आधी ती आणि मुलं सुरक्षित हवीत. क्षमा मनातली गोष्ट आहे, तिच्यासाठी त्याच छताखाली राहावं लागत नाही. कॅथलिक चर्चचा कायदाही जोडीदाराकडून शरीराला वा मनाला गंभीर धोका असल्यास वेगळं राहायला मुभा देतो. पोप फ्रान्सिस यांनी 2016 च्या 'आमोरिस लेतीत्सिया'मध्ये असं वेगळं होणं कधीकधी नैतिकदृष्ट्या आवश्यक असतं हे मान्य केलंय. तेव्हा "सहन कर, क्रूस आहे" असं कुणी सांगितलं तर ही माहिती त्यांच्यापुढे ठेवा.

अशा स्त्रियांसाठी आपल्या वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये 'दिलासा' केंद्र आहे. महापालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी मिळून ते दोन दशकांपूर्वी सुरू केलं. सरकारी रुग्णालयात चालणारं असं देशातलं ते पहिलंच. तिथे समुपदेशन मिळतं, कायदेशीर मदतीचा रस्ता कळतो. 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली दाद मागता येते, धर्म कुठलाही असो. महिलांसाठी 181 हा हेल्पलाइन नंबर आहे. मारहाण नाही, पण मन खचलंय, झोप उडालीय, जीव नकोसा वाटतोय, तर टेलिमानसच्या 14416 वर फोन करा. मराठीत बोलता येतं.

आणि समेट झाला, घर हसतंखेळतं झालं, प्रेशर 120/80 आलं, म्हणून बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नका. आधी दाखवायला या. दोघं मिळून आलात तर अधिक चांगलं.