३३८९ नंबरचं दार

दुकान बाजारपेठेत, गोदाम एमआयडीसीत आणि टॅली दुकानातल्या एकाच कॉम्प्युटरवर. गोदामातून माल सुटला की बिल तिथंच निघायला हवं. व्यापाऱ्याची ही अडचण जुनी, आणि हार्डवेअरवाल्याचा तोडगाही ठरलेला: राउटरमध्ये ३३८९ हा पोर्ट उघडायचा, गोदामात रिमोट डेस्कटॉप चालू करून द्यायचा, पैसे घेऊन निघायचं. काम तासाभरात होतं. शेठ खूश.

हा पोर्ट म्हणजे विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचं नेहमीचं दार. इंटरनेटवरचा एकेक पत्ता चाचपणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. दार सापडलं की पासवर्ड लावून बघतात. आपल्याकडे तो बहुधा दुकानाचं नाव आणि पुढं १२३! मग एका सकाळी टॅलीचा सगळा डेटा कुलूपबंद आणि स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी. मे २०१९मध्ये उघड झालेल्या ‘ब्लूकीप’ या त्रुटीला तर पासवर्डही लागत नव्हता. मायक्रोसॉफ्टला केव्हाच निवृत्त केलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढावी लागली.

यावर उतारा व्हीपीएनचा. पोरं बंद साइट उघडायला मोबाइलवर टाकतात ते ॲप नव्हे. इथं दुकानातला आणि गोदामातला राउटर किल्ल्यांची ओळख पटवून आपसात कूटबद्ध वाट तयार करतात, आणि ३३८९ बाहेरच्या जगाला दिसतच नाही. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २०२२मध्ये व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवायला लावल्या, तो नियमही स्वतःच्या जागा जोडणाऱ्याला लागू नाही. २०२०पासून लिनक्सच्या गाभ्यातच असलेलं वायरगार्ड हे व्हीपीएन आता बऱ्याच राउटरमध्ये मिळतं. पीपीटीपी हे जुनं व्हीपीएन मात्र कुणी सुचवलं तर नको म्हणा. ते फार पूर्वीच फुटलंय.

अडतं ते बारीकसारीक जागी. दोन्हीकडे राउटर डब्यातून काढून तसाच लावलेला, म्हणून दोन्हीकडचे पत्ते १९२.१६८.१ने सुरू होणारे. गोदामातला कॉम्प्युटर दुकानातला सर्व्हर आपल्याच खोलीत शोधत बसतो आणि माणसं नेट स्लो आहे म्हणून कंपनीला शिव्या घालतात. गोदामाचे पत्ते १९२.१६८.२० करून टाका, प्रश्न मिटला. दुसरं, गोदामात सिमवरचं नेट असेल तर त्याचा बाहेरचा पत्ता बहुधा शेकडो ग्राहकांत वाटलेला असतो. तिथं बाहेरून जोडणी पोचत नाही. म्हणून स्टॅटिक आयपी दुकानात घ्यायचा आणि जोडणी गोदामाकडून सुरू करायची. दोन्हीकडे त्याचे पैसे भरायची गरज नाही.

टॅलीचं फोल्डर या वाटेवरून शेअर करू नका, रडतखडत चालेल. रिमोट डेस्कटॉपच ठेवा, फक्त व्हीपीएनच्या आतून.

माझा खरा आक्षेप पुढच्या टप्प्यावर आहे. व्हीपीएन बसवला की हार्डवेअरवाला दोन्ही नेटवर्क सरसकट जोडून मोकळा होतो. मग गोदामातल्या ज्या कॉम्प्युटरवर हमालांपासून ड्रायव्हरपर्यंत सगळे पेन ड्राइव्ह लावतात, त्यातला व्हायरस त्याच सुरक्षित वाटेनं थेट दुकानात. राउटरमध्ये नियम घालता येतो: गोदामातून फक्त टॅलीच्या कॉम्प्युटरवर आणि फक्त ३३८९वर जाता येईल, बाकी सगळं बंद. दहा मिनिटांचं काम आहे. ते झाल्याशिवाय त्याचं बिल चुकतं करू नका.