औषधाचे वाहन आणि वाहनाचे भाडे

कृष्णाकाठची पैशाची पिके दोन, ऊस आणि हळद. रेठऱ्याच्या आणि सांगलीच्या सहकारी कारखान्यांनी शेतकऱ्याला भागधारक केले, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु भागधारक कशाचा? पोत्यातील साखरेचा आणि मळीपासून काढलेल्या मद्यार्काचा. साखरेचा रेणू जेथे खरा महाग होतो, तेथे आमचा ऊसकरी पोचतच नाही.

अल्सरच्या रोग्याला डॉक्टर सुक्राल्फेट लिहून देतात. हे औषध म्हणजे उसाच्या साखरेचेच रूपांतर होय. सुक्रोजच्या आठ हायड्रॉक्सिल गटांवर सल्फेट चढवून त्याला ॲल्युमिनियमची जोड दिली, की जठरातील आम्लात ते चिकट होते आणि व्रणावरील प्रथिनांना धरून बसते. साखरेला चिकटण्याचा गुण देण्याचा हा जुना मार्ग. आता शास्त्रज्ञ त्याच्या पुढे गेले आहेत.

स्टार्चपासून विकराच्या साह्याने सायक्लोडेक्स्ट्रिन मिळते. सहा, सात किंवा आठ ग्लुकोजच्या कड्यांचे हे वलय आतून तेलकट द्रव्याला जागा देते, बाहेरून पाण्यात विरघळते. त्यावर गंधकयुक्त थायॉल गट बसविला, तर तो श्लेष्मातील प्रथिनांच्या गंधकाशी बंध जोडतो आणि औषध तोंडात, नाकात वा आतड्यात अधिक वेळ टिकते. हळदीतील करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून अशा वलयांत ते बसविण्याचे प्रयोग झाले आहेत. (यावरून बाजारातील प्रत्येक ‘हळदीची गोळी’ गुणकारी ठरते असे मात्र कोणी समजू नये.)

जखमेवर हळद लावण्याचे अमेरिकेत १९९५ साली दिलेले पेटंट डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९७ मध्ये रद्द करविले. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. हळद कोणाची, हा प्रश्न असा सुटला. तिच्या वाहनाचा सुटलेला नाही. आजीचे ज्ञान जुने म्हणून कोणाच्या मालकीचे होत नाही, पण रेणूवरचा संस्कार नवा असतो आणि नव्याला मालक मिळतो.

येथे सरकारी धोरणाकडे पाहिले पाहिजे. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाच्या ३२ व्या परिच्छेदानुसार, देशी संशोधनातून निघालेल्या नव्या वहनपद्धतीचे नवे औषध पाच वर्षे त्या आदेशाच्या कक्षेबाहेर राहते. म्हणजे आतील द्रव्य जुनेच असले, तरी वाहन नवे म्हणून रोग्याने वाटेल ते भाडे मोजावे! संशोधकाला मोबदला नको असे आम्ही म्हणत नाही. प्रश्न एवढाच, की पैसा कोणाचा? कराडचे शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय करदात्यांच्या पैशावर चालते. अशा संस्थेत सार्वजनिक निधीतून काही निघाले, तर त्याला ही सवलत का द्यावी? त्याचा परवाना वाजवी स्वामित्वशुल्कात सर्व उत्पादकांना खुला असावा, आणि किंमत पहिल्या दिवसापासून ठरवून दिलेली असावी.

सहकारी कारखान्यांचे संचालकही यातून सुटत नाहीत. दोन्ही जिल्ह्यांतील कारखान्यांनी मिळून कराड-सांगलीच्या औषधनिर्माण महाविद्यालयांत साखरेच्या रसायनाची एक प्रयोगशाळा उभी करावी. ऊसदराच्या आंदोलनात जे सभासद रस्त्यावर उतरतात, त्यांनी येत्या वार्षिक सभेत हा ठराव मांडावा आणि अध्यक्षांकडून त्याचे लेखी उत्तर घ्यावे.