गाडी जुनी चालेल, बाळाची सीट नवी हवी



नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच पाठ आहे 'गतीचे नियम'. मी साताऱ्यात गेली अकरा वर्षे तो शिकवते. जडत्व समजावताना एसटीचं उदाहरण ठरलेलं. ब्रेक लागला की उभी माणसं पुढे झुकतात, मुलं हसतात, तास संपतो. हाच नियम माझ्या लेकीच्या कपाळावर टेंगूळ होऊन आला, तेव्हा कळलं की मी तो वर्गात शिकवला होता, पण घरी आणला नव्हता.

माझी शाळा साताऱ्यात, ह्यांची सांगली जिल्ह्यात. माझी खासगी अनुदानित, ह्यांची जिल्हा परिषदेची. त्यामुळे बदलीचं गणित काही जुळत नाही. आपल्यात अशी कितीतरी जोडपी आहेत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी लेकीला घेऊन सांगलीला निघते आणि रविवारी संध्याकाळी परत येते. कराड, पेठ नाका, आष्टा, सांगली असा सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता.

एका रविवारी दीर आम्हाला साताऱ्याला सोडायला निघाले होते. लेक चौदा महिन्यांची, वजन साधारण दहा किलो. मागच्या सीटवर सासूबाईंच्या मांडीवर बसली होती. पेठ नाक्याच्या अलीकडे उसाची ट्रॉली आडवी आली. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. दिरांनी ब्रेक मारला, गाडी थांबली, कुठेही धडकली नाही. वेग असेल चाळीसच्या आत. पण लेक मांडीवरून निसटून पुढच्या सीटच्या पाठीवर आदळली. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं काही नाही. सासूबाई मात्र रात्रभर एकच वाक्य बोलत होत्या, "अगं, घट्ट धरलं होतं मी."

खरंच धरलं होतं त्यांनी. दोन्ही हातांनी. म्हणूनच हा लेख लिहिते आहे.

मांडीचं गणित

आपण मास्तर माणसं, तेव्हा फळ्यावरचं गणित करून बघू. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १४ मीटर. धडक झाली की गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबते, असं धरू. म्हणजे मंदन झालं सेकंदाला १४० मीटर प्रति सेकंद, गुरुत्वत्वरणाच्या १४ पट. दहा किलोचं बाळ धरून ठेवायला त्या क्षणी १४०० न्यूटन बल लागेल, म्हणजे १४० किलो वजन उचलण्याइतकं. साखरेचं पोतं ५० किलोचं असतं. जवळजवळ तीन पोती, तीही डोळ्याची पापणी लवायच्या आत! कुठल्या आजीच्या हातात हे बळ आहे? प्रश्न मायेचा नाहीच, प्रश्न न्यूटनचा आहे.

आणि हे फक्त ५० च्या वेगाचं. सातारा-कराड महामार्गावर ५० ने कोण चालवतं?

कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तिच्यातल्या कलम १९४ ब प्रमाणे १४ वर्षांखालचं मूल सीटबेल्टने किंवा चाइल्ड सीटने बांधलेलं नसेल तर १००० रुपये दंड आहे. तो कुणाला झालेला मी पाहिलेला नाही. पण दंडाच्या भीतीने करायची ही गोष्ट नव्हे.

घरच्यांना कोणती हवी, मला कोणती हवी

त्या आठवड्यातच ठरलं, आपली गाडी घ्यायची. बजेट साडेचार-पाच लाख, म्हणजे सेकंड हँड. मग घरात सभा भरली. दीर म्हणाले, सात माणसं बसतील अशी घ्या, देवदर्शनाला बरी. सासरे म्हणाले, पत्रा जाड बघा. ह्यांना ॲव्हरेजची काळजी. मी म्हटलं, मला चालवायला मजा येईल अशी हवी. सगळे हसले. बाईमाणसाला आणि त्यातून लेकुरवाळीला मजा कशाला, असा तो हसण्याचा अर्थ.

माझं मत असं की ही मजा म्हणजे चैन नव्हे. स्टिअरिंग नेमकं वळतं, ब्रेक पावलाखाली कळतो, यवतेश्वरच्या घाटात वळणावर गाडी झुलत नाही, समोरचं आणि बाजूचं नीट दिसतं, अशी गाडी चालवायला आनंद होतो. आणि नेमकी तीच गाडी आयत्या वेळी ट्रॉलीला चुकवते. कंटाळत, दमून चालवणारी आई मागे बसलेल्या बाळासाठी बरी नव्हे.

सात सीटांची जुनी गाडी आमच्या बजेटमध्ये मिळत होती, पण बरीच जुनी. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, सगळ्या नव्या मोटारींना सक्तीची झाली एप्रिल २०१९ पासून. पुढच्या दोन्ही सीटांना एअरबॅग सक्तीची झाली त्यानंतर, २०२१ मध्ये. म्हणून माझा आग्रह एकच होता. मोठी आणि जुनी घेण्यापेक्षा लहान आणि अलीकडची घ्या.

मग यादी केली. फोक्सवॅगन पोलो चालवायला झकास. एअरबॅग असलेल्या पोलोला २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत चार तारे मिळाले होते. पण २०२२ मध्ये तिचं उत्पादन इथे थांबलं आणि सुटे भाग खिशाला जड. फोर्ड फिगोही मजेची, पण भारतातलं उत्पादन बंद करतोय असं कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केलं. मारुती स्विफ्टचा मेकॅनिक गावोगाव मिळतो. २०१८ च्या मॉडेलपासून तिला दोन एअरबॅग, एबीएस आणि चाइल्ड सीटचे आयसोफिक्स हूक आहेत, पण चाचणीत तारे दोनच. टाटा टियागोला जानेवारी २०२० मध्ये मोठ्यांसाठी चार आणि मुलांसाठी तीन तारे मिळाले. यात सर्वगुणसंपन्न एकही नाही. लग्नाच्या स्थळांसारखंच आहे हे. आपल्याला काय चालणार नाही ते आधी ठरवावं.

सीट बरोबर घेऊन गाडी बघा

आम्ही एक गोष्ट उलटी केली आणि तीच सांगण्यासारखी आहे. गाडीच्या आधी चाइल्ड सीट घेतली. नवीन, साधारण दहा हजारांची. जुनी सीट घेऊ नका. ती एखाद्या अपघातातून गेली असेल तर आतली चीर बाहेरून दिसत नाही. ती सीट स्कूटीच्या पुढ्यात ठेवून मी गाड्या बघायला जायचे. विक्रेते आधी बोनेट उघडायचे, मी मागचं दार उघडायची!

बघायचं काय, ते सांगते.

पाठ आणि बैठक यांच्या फटीत बोटं घाला. आयसोफिक्स असेल तर पोलादाचे दोन कडे हाताला लागतात, एकमेकांपासून २८ सेंटिमीटरवर. आपल्याकडे नवी गाडी आली की लगेच जाड रेक्झिनचं सीटकव्हर चढतं आणि कडे त्याखाली गाडले जातात. कव्हर उचलून बघा.

हूक नसले तरी सगळं संपलं असं नाही. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणाऱ्या बेल्टनेही सीट घट्ट बसते. पण बेल्टची लांबी पुरते का, ते तिथेच बांधून बघा. बांधल्यावर बेल्ट जातो तिथे धरून हलवा. सीट इंचभरापेक्षा जास्त हलली तर बसली नाही असं समजा. बऱ्याच गाड्यांत मागे मधोमध फक्त कमरेचा पट्टा असतो. तो या कामाचा नाही.

लहान बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला हवं. डोकं जड, मान कोवळी, म्हणून धडकेचा जोर पाठीवर पसरला पाहिजे. युरोपातल्या नव्या नियमात हे किमान पंधरा महिन्यांपर्यंत सक्तीचं आहे, आणि सीटच्या मर्यादेत बसेल तितके दिवस ठेवलेलं चांगलंच. अशी सीट जागा खाते. ती लावून पुढे ह्यांना बसवलं तर दोन गाड्यांत गुडघे डॅशबोर्डला टेकले. त्या गाड्या बाद. आणि अशी सीट पुढे एअरबॅगसमोर कधीही लावायची नाही. एअरबॅग फुगून सीटच्या पाठीवर आदळते आणि बाळाच्या जिवावर बेतू शकतं.

डिकीही बघा. सीएनजीची टाकी असेल तर बाबागाडी कुठे ठेवणार?

बेल्टवरची महापुराची खूण

आपल्या भागात आणखी एक परीक्षा घ्यावी लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली. धोक्याची पातळी आहे ४५ फूट. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. किती गाड्या पाण्यात उभ्या होत्या, ते आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यातल्या काही धुऊन-पुसून बाजारात येतात. नंबर एमएच १० असो, ११ असो की ५०, विचारायला लाजू नका.

आम्हाला पसंत पडलेली पहिली गाडी चकाचक होती. सीट बांधायला म्हणून मी मागचा बेल्ट शेवटपर्यंत ओढला. टोकाकडे वीतभर पट्टा मातकट, आणि त्यावर वाळलेल्या चिखलाची रेघ. एवढा लांब बेल्ट कुणी ओढतच नाही, त्यामुळे धुणाऱ्याचा हात तिथवर पोचला नव्हता. मग गालिचा उचलला, तर सीटच्या पायाचे बोल्ट गंजलेले. स्टेपनीखाली गाळ. विक्रेता म्हणाला, "मॅडम, पावसाचं पाणी गेलं असेल." आम्ही नमस्कार केला आणि निघालो. बाळाची सीट बांधायला गेलं की गाडीचं खरं रूप दिसतं, हा माझा अनुभव.

शेवटी २०२० ची टियागो घेतली. हूक नव्हते, बेल्टने सीट घट्ट बसली. हीच घ्या असं मी म्हणत नाही. तुमची सीट जिच्यात बसेल ती घ्या. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की आरसी आपल्या नावावर होईपर्यंत पाठपुरावा करा, आणि विमा आपल्या नावावर करायला १४ दिवसांत अर्ज करा. एजंटवर सोडून विसरू नका.

"आम्ही नाही का वाढलो?"

हे वाक्य तुम्हीही ऐकणार. राजदूतच्या टाकीवर बसून आम्ही मोठे झालो, हे खरं आहे. पण तेव्हा रस्ता एकेरी होता आणि वेग चाळीसचा. शिवाय जे वाढले नाहीत, ते हे वाक्य म्हणायला आज आपल्यात नाहीत.

दुसरा आक्षेप, बाळ रडतं. हो, रडतं. आमचीही पहिले तीन शनिवार कराडपर्यंत रडली. चौथ्या शनिवारी उंब्रजला झोपली. अजूनही रडायला लागली की सासूबाई म्हणतात, "घेते गं पाचच मिनिटं मांडीवर." मी नाही म्हणत नाही. गाडी हॉटेलच्या आवारात नीट उभी करते, त्या तिला मांडीवर घेतात, पाणी पाजतात, ऊस दाखवतात. मग पुन्हा पट्टा लावूनच निघतो. थंडीत शाल पट्ट्याच्या आत नको, वरून पांघरायची, हे आता त्याच मला बजावतात.

तिसरा आक्षेप, दहा हजार जास्त होतात. मान्य, आपल्या पगारात ते टोचतात. पण साडेचार लाखांच्या गाडीत म्युझिक सिस्टीमला आणि मॅगव्हीलला पैसे निघतात, ते आधी इकडे वळवावेत.

वर्गात आणि पालकसभेत

शिक्षक मित्रांनो, एक छोटा उपक्रम करून बघा. खेळण्यातली गाडी, तिच्यात शाडूची बाहुली. तिरक्या फळीवरून सोडा, खाली वीट ठेवा. बाहुली कुठे पडते ते मुलांना मोजू द्या. मग तीच बाहुली रबरबँडने बांधून पुन्हा सोडा. यंदा मी हा प्रयोग आधी वर्गात आणि मग पालकसभेत केला. सभेनंतर एक बाबा थांबले. रोज मुलाला स्कूटरवर पुढे उभं करून आणणारे. काही बोलले नाहीत. बाहुली हातात घेऊन फुटलेला भाग बघत राहिले. दुसऱ्या दिवशी मुलगा मागे बसून आला, डोक्यावर हेल्मेट होतं. थोडं मोठं होत होतं, पण होतं.