जाब विचारा, पण आधी हात लावा

नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात ऑक्टोबर २०२३च्या सुरुवातीला २४ तासांत २४ रुग्ण दगावल्याची बातमी आली. त्यात १२ नवजात बालके होती. बदल्यांमुळे कर्मचारी कमी पडले, औषधखरेदी रखडली, असे प्रभारी अधिष्ठात्यांनी सांगितले. ३ ऑक्टोबरला खासदार हेमंत पाटील यांनी त्यांच्याच हातून शौचालय साफ करून घेतले.

जाब विचारायलाच हवा. ज्यांची लेकरे गेली त्यांचा तो हक्क आहे. पण जाब वेगळा, अपमान वेगळा. तो व्हिडिओ परिचारिकांनी, शिकाऊ डॉक्टरांनी, सफाई कामगारांनीही पाहिला असणार. साहेबांची ही गत, तर आपले काय? पाठीशी कोणी नाही असे वाटले की माणूस कामापेक्षा स्वतःला जपतो. कागद पक्का ठेवतो, गंभीर रुग्णाची जोखीम टाळतो, नांदेड-लातुरात खासगी नोकरी शोधतो. आणि हिंगोली-परभणीहून तिथे येणाऱ्या गरिबाला दुसरा दवाखाना परवडत नाही.

हाताखालच्या माणसावर झेपेल तेवढेच ओझे टाका, जास्त टाकलेच तर स्वतः मदत करा, ही पैगंबरांची शिकवण. रिकामी पदे भरणे, औषधे वेळेवर पोहोचवणे, हीच ती मदत. ती केल्यावर जाब विचारला, तर कर्मचारीही मान खाली घालून ऐकेल.