कोलंबियाचा फोटो लावता, मग दुबईला निघालेल्या पोराचा करार कोण वाचणार?

आपल्यातला एखादा मुलगा ऑक्सफर्डला किंवा लंडनला शिकायला गेला की आठ दिवस आपले सगळे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निळे होतात. व्हायलाच पाहिजेत. पण त्याच आठवड्यात त्याच वस्तीतले चार जण मुंबईच्या विमानतळावरून मस्कतला, दोह्याला, रियाधला जातात. कुणी दहावी नापास, कुणी आयटीआयचा वेल्डर, कुणी बी.ए.चे दुसरे वर्ष सोडून रंगकामाला लागलेला. त्यांच्यासाठी एक पोस्ट पडत नाही. त्यांचा निरोप समारंभ होत नाही, कारण घरच्यांनी ही गोष्ट लपवलेली असते. कर्ज काढून चाललाय, त्यात काय मिरवायचे?

मित्रांनो, आकडे बघा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या जागा देशभरात मिळून 125. महाराष्ट्राच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या 75. या जागा वाढल्या पाहिजेत, त्यासाठी भांडलेच पाहिजे, आणि आपण भांडतोही. पण दोनशे जागांसाठी जेवढे लेख, निवेदने, मोर्चे झाले, त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढे लक्ष तरी पासपोर्टवर ‘ईसीआर’ असलेल्या माणसाकडे चळवळीने दिले का? मी समाजकार्य करते, वस्त्यांत फिरते, आणि माझे उत्तर ‘नाही’ असे आहे.

आपल्यात यावर दोन प्रकारचे लोक भेटतात. पहिला प्रकार म्हणजे नोकरीत स्थिरावलेले आपलेच साहेब लोक. ते म्हणतात, “बाबासाहेब परदेशात ज्ञान घ्यायला गेले, ही पोरे मजुरी करायला चाललीत.” दुसरा प्रकार कट्टर कार्यकर्त्यांचा. ते म्हणतात, “सगळे देश सोडून गेले तर चळवळ कोण करणार?” दोघांनाही मी विचारते, की या मुलाला इथे काय दिलेत तुम्ही? सफाईपासून शिपायापर्यंत सगळे कंत्राटी झाले. भरती निघत नाही, निघाली तर पेपर फुटतो. गावात आडनाव सांगितल्यावर भाड्याने दुकानाचा गाळा मिळत नाही. अशा मुलाने बाहेरची वाट धरली तर त्यात पळपुटेपणा कसला? गाव सोडणे ही तर आपली परंपरा आहे. आपले आजोबा-पणजोबा गिरणीत, रेल्वेत, दारूगोळ्याच्या कारखान्यात गेले ते काय पदव्या घेऊन गेले होते? संविधान सभेत गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्यांना बाबासाहेबांनी काय सुनावले, ते काढून वाचा आणि मग त्या पोराला ‘गाव सोडू नको’ म्हणा.

तेव्हा जाण्याला माझा विरोध नाही. आंधळेपणाने जाण्याला आहे, आणि त्या आंधळेपणावर पोट भरणाऱ्यांना तर आहेच. हल्ली ‘ओव्हरसीज कन्सल्टन्सी’वाल्यांच्या फ्लेक्सवर बाबासाहेबांचा निळ्या कोटातला फोटो दिसतो. ‘बाबासाहेबही कर्ज काढून गेले होते’ असे सांगून आपल्याच वस्तीतला आपलाच एखादा ‘भाऊ’ पैसे गोळा करतो. जयभीम घालतो आणि दोन लाख मागतो.

मग बाबासाहेब कसे गेले, ते नीट सांगू या. 1913 साली ते अमेरिकेला गेले तेव्हा हातात सयाजीराव महाराजांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती होती, आणि बडोदे संस्थानाशी सहीशिक्क्याचा करार होता. शिकून आल्यावर दहा वर्षे संस्थानाची चाकरी करायची, हे त्यात लिहिलेले होते. म्हणजे काय मिळणार, किती दिवस मिळणार आणि त्याबदल्यात काय द्यायचे, हे सगळे निघण्याआधी कागदावर. मुदत संपली तेव्हा 1917 मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुढे सिडनहॅम कॉलेजात नोकरी केली, पगारातून पैसा साठवला, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांची उसनवारी जोडली, तेव्हा कुठे 1920 मध्ये पुन्हा निघाले. त्यांनी कर्ज काढले हे खरे. पण कुणाकडून, कशासाठी, कुठल्या संस्थेत काय शिकायला, हे त्यांना पक्के ठाऊक होते. फ्लेक्सवाल्या भाऊला विचारा, तुझ्या दोन लाखांची पावती देतोस का?

आता मुख्य मुद्दा, जो आपल्या एकाही शिबिरात कुणी बोलत नाही. जो दहावी पास नाही त्याच्या पासपोर्टला ईसीआर लागते. म्हणजे नोकरीसाठी आखाती देश, मलेशिया, जॉर्डन अशा ठरवून दिलेल्या 18 देशांत जायचे तर आधी सरकारच्या उत्प्रवासी संरक्षक कार्यालयाची परवानगी हवी. हा 1983 च्या उत्प्रवास कायद्याचा नियम आहे. पोरांना हा शिक्का अपमान वाटतो, कपाळावर ‘अडाणी’ लिहिल्यासारखा. वाटणे साहजिक आहे. संरक्षण द्यायचे तर शाळेचा दाखला बघून कशाला, असा प्रश्न मलाही पडतो. पण या शिक्क्यामागे काय काय येते ते आधी समजून घ्या. परवानगीच्या वाटेने गेले तर मालकाचा करार ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो. एजंट नोंदणीकृत असावा लागतो आणि त्याने कामगाराकडून 30,000 रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घ्यायचे नसतात, तेही पावतीने. प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची असते. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये, तीन वर्षांचा 375, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर 10 लाखांचे कवच.

एजंट नेमके हेच टाळायला शिकवतो. “ईसीआरच्या भानगडीत पडू नको, महिनाभर लागतो. व्हिजिट व्हिसावर चल, तिथे गेल्यावर बदलून देतो.” झाले! व्हिजिट व्हिसावर जाणारा सरकारच्या नोंदीत पर्यटक असतो. पर्यटकाला ना करार, ना विमा, ना तीस हजारांची मर्यादा. नंतर मालकाने पगार दिला नाही तर त्याने कुठल्या कागदावर बोट ठेवायचे? ज्या मुलाला संरक्षणाची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ‘शिक्का टाळला’ म्हणून शाबासकी मिळते आणि तो परवानगीचे महिनाभर वाचवून दोन वर्षे अडकतो.

त्याच्याही पुढचा प्रकार म्हणजे ‘आझाद व्हिसा’. नाव ऐकूनच आपले पोरगे खूश. आझाद! कागदावर एक मालक दाखवायचा, तो काम देत नाही, फक्त व्हिसा विकतो आणि दरवर्षी पैसे घेतो. काम दुसरीकडे शोधायचे, जे तिथल्या कायद्याने गुन्हा आहे. आखातात परदेशी कामगाराचा राहण्याचा परवाना, ज्याला तिकडे अकामा म्हणतात, मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. त्याला कफाला पद्धत म्हणतात. कतारने 2020 मध्ये नोकरी बदलायला मालकाच्या ना-हरकत दाखल्याची अट काढली, सौदीनेही 2021 पासून काही सूट दिली, पण घरकामगार, ड्रायव्हर, माळी यांना त्या सुधारणेतून बाहेर ठेवले. आता आपले किती लोक ड्रायव्हर म्हणूनच जातात, ते आठवा. मालकाने ‘पळून गेला’ अशी तक्रार ठोकली की सौदीत हुरूब लागतो, आणि कामगार एका रात्रीत गुन्हेगार होतो. वेठबिगारी आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. महार वतनाविरुद्ध बाबासाहेब आयुष्यभर लढले. माणूस कुणाच्या तरी नावाने बांधलेला असणे म्हणजे काय, हे आपल्याला शिकवायला बाहेरचा कुणी लागत नाही. तरी ‘आझाद’ या शब्दाला आपण भुलतो!

बायकांचे तर विचारूच नका. ईसीआर असलेल्या बाईला या देशांत कामाला जायचे तर वयाची तीस वर्षे पूर्ण हवीत आणि भरती सरकारी संस्थांमार्फतच व्हावी लागते. मग एजंट आधारकार्डावर वय वाढवतात किंवा व्हिजिट व्हिसाच काढतात. घराच्या चार भिंतींआड काम, मोबाईल मालकिणीकडे, आणि इकडे नवरा मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता भरतोय. हप्त्याला आलेल्या माणसाला ‘बाई परदेशात आहे’ हे सांगितलेले चालत नाही.

थोडे जास्त शिकलेल्यांची फसवणूक थोडी जास्त इंग्रजीत होते, एवढाच फरक. जीएनएम केलेल्या आपल्या मुलींना अजून ‘यूके केअर व्हिसा’ विकला जातोय. ब्रिटनने 22 जुलै 2025 पासून परदेशातून नवे केअर वर्कर घेणेच बंद केले आहे. बारावीनंतर संगणकाचा कोर्स केलेल्याला थायलंडमध्ये डेटा एन्ट्रीची नोकरी सांगतात आणि तिथून सीमा ओलांडून म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यावर नेतात. ‘डंकी’ मार्गाचे वेड पंजाब-हरियाणाचे, असे आपण समजतो. 5 फेब्रुवारी 2025 ला अमेरिकेच्या लष्करी विमानातून अमृतसरला उतरवलेल्या 104 जणांत महाराष्ट्राचेही तिघे होते.

आणि जात? ती विमानतळावर काढून घेत नाहीत. गिरणीच्या विणखात्यात आपल्या लोकांना घेत नसत, कारण धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. एकाच छपराखाली, एकाच मालकाकडे, एकाच युनियनमध्ये हे चालले होते. न्यू जर्सीतल्या रॉबिन्सव्हिल इथल्या एका भव्य मंदिराच्या बांधकामाबाबत 2021 मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात दावा दाखल झाला. भारतातून धार्मिक सेवकांच्या व्हिसावर नेलेल्या कामगारांना, ज्यांत अनेक दलित होते, तासाला सव्वा डॉलरच्या आसपास पैसे देऊन राबवले, असा त्यात आरोप होता. संस्थेने तो नाकारला आणि पुढे फौजदारी तपासही आरोप न ठेवताच थांबला. आरोप कुठवर टिकतो हे न्यायालय ठरवेल. मला त्यातला व्हिसाचा प्रकार महत्त्वाचा वाटतो. पासपोर्टवर लिहिलेले काम एक आणि हातात दिलेले काम दुसरे असेल तर माणसाची तक्रार करण्याची ताकदच संपते, कारण तक्रार करायला गेला की आधी तोच अडकतो.

आता ‘मजुरी करायला चाललीत’ म्हणणाऱ्या साहेबांसाठी एक गोष्ट. 1962 च्या कायद्याने ब्रिटनने दार आवळण्याआधी आणि नंतरही काही वर्षे, पंजाबच्या दोआबातले आपले बांधव तिकडे गेले. वुल्व्हरहॅम्प्टन, बर्मिंगहॅमच्या ओतकाम कारखान्यांत त्यांनी घाम गाळला. बहुतेकांची इंग्रजी कामापुरतीच. त्याच लोकांनी आणि त्यांच्या पोराबाळांनी तिथे आंबेडकरी संघटना बांधल्या, विहारे उभी केली, ब्रिटनच्या समता कायद्यात जात यावी म्हणून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. लंडनमधले 10, किंग हेन्रीज रोड हे बाबासाहेबांचे राहते घर महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये घेतले, पण ते विकायला निघालेय आणि वाचवले पाहिजे, हा तगादा ब्रिटनमधल्या आंबेडकरी संघटनांचा. आज आपले मंत्री तिथे जाऊन सेल्फी काढतात. भट्टीपुढे उभे राहिलेल्यांनी बांधलेली चळवळ आहे ती.

मग आज काय करायचे? मला भाषण नको, काम हवे. दर रविवारी वंदनेला विहार उघडते. वंदनेनंतर तासभर एका टेबलावर लॅपटॉप ठेवा. ज्याच्याकडे बाहेरच्या नोकरीचा कागद आहे त्याने तो आणायचा. एजंटचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटवर आहे का, ते आपल्यातल्या पदवीधराने बघायचे. दहा मिनिटांचे काम आहे. करारात पगार कुठल्या चलनात, तास किती, परतीचे तिकीट कुणाचे, हे मराठीतून वाचून दाखवायचे. व्हिसावर ‘व्हिजिट’ लिहिले असेल तर तसे स्पष्ट सांगायचे. पासपोर्ट, व्हिसा, कराराची प्रत घरी ठेवायची सवय लावायची. 12 जून 2024 ला कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली, त्यात 45 भारतीय गेले. असे काही घडले की बाईच्या हातात नवऱ्याचा एकही कागद नसतो आणि तिला आमदाराच्या दारात बसावे लागते.

सरकारकडे मागायचे ते वेगळे. महाराष्ट्राने फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी 10 हजार कुशल तरुण पाठवण्याचा करार केला. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, नर्सिंग सहायक, ड्रायव्हर असे आपल्या आयटीआयवाल्या पोरांचेच धंदे त्यात आहेत. जर्मनीत ‘आउसबिल्डुंग’ म्हणजे शिकता शिकता पगार देणारे प्रशिक्षणही आहे, त्याला पदवी लागत नाही. पण दाराला कुलूप जर्मन भाषेचे आहे. साधारण बी-1 पातळीपर्यंत भाषा यावी लागते आणि त्याला वर्षभर तरी घासावे लागते. पुण्यातल्या खासगी क्लासची फी आणि खोलीचे भाडे भरून ज्याला हे जमेल त्याचेच हे दार, असे होऊ द्यायचे का? बार्टीने स्पर्धा परीक्षांच्या तोलामोलाने, जिल्ह्याच्या ठिकाणी, विद्यावेतन देऊन जर्मनचे वर्ग चालवावेत. या कराराखाली जे जातील त्यांत अनुसूचित जातींचे किती, हे दर सहा महिन्यांनी जाहीर करावे. उत्प्रवासी संरक्षकाच्या अधिकाऱ्याने मराठवाड्यात आणि विदर्भात महिन्यातून एकदा शिबिर घ्यावे. आमचे लोक मुंबईला जाईपर्यंत एजंटने त्यांना गाठलेले असते.

येत्या रविवारी माझ्या भागातल्या एका विहारात आम्ही ते टेबल लावतोय. तिघांनी कागद आणायचे कबूल केले आहे, त्यांतल्या एकाचे तिकीट पुढच्या शुक्रवारचे आहे आणि व्हिसा व्हिजिटचा.