छबी खेळाडूची, किंमत कोणी ठरवायची?

मोठ्या शहरातील मॅरेथॉन संपते आणि पुढचे काही दिवस धावपटूंचा एक वेगळाच शोध सुरू होतो. छातीवरच्या पट्टीवरील क्रमांक संकेतस्थळावर टाकला की चढावर धापा टाकतानाची, अंतिम रेषा ओलांडतानाची आपली छबी पडद्यावर उमटते. मात्र तिच्यावर छायाचित्र कंपनीच्या नावाचा आडवातिडवा शिक्का असतो. तो नको असेल तर पैसे मोजावे लागतात. घाम आपला, चेहरा आपला, प्रवेशशुल्कही आपणच भरलेले. मग आपल्याच छायाचित्रासाठी वेगळे पैसे का, असा प्रश्न धावपटूला पडतो. पहाटेपासून रस्त्याच्या कडेला महागडी उपकरणे घेऊन उभ्या राहिलेल्या छायाचित्रकाराचा प्रश्नही तितकाच रास्त असतो : माझ्या श्रमाचे मोल कोणी द्यायचे?

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. त्यानंतरच्या दोन दशकांत राज्यातील अनेक शहरांत अशा स्पर्धांचे पीक आले आणि हौशी खेळाडू हा छायाचित्रांचा मोठा ग्राहक ठरला. या व्यवहाराचे नियम मात्र अद्याप धूसरच आहेत.

कायद्याची भूमिका पुरेशी स्पष्ट आहे. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते टिपणारी व्यक्ती. त्यात दिसणारी व्यक्ती नव्हे. कोणी मोबदला देऊन छायाचित्र काढवून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क त्या मोबदला देणाऱ्याचा. म्हणजे आयोजकाने छायाचित्रकार नेमला तर हक्क आयोजकाकडे जातो आणि छायाचित्रकार स्वतःहून आला असेल तर तो त्याच्याकडेच राहतो. खेळाडू या दोन्ही शक्यतांत कोठेच नाही. याच कायद्यातील ‘कलाकारा’च्या व्याख्येत कसरतपटूचा आणि गारुड्याचाही नामनिर्देश आहे, खेळाडूचा नाही.

याचा चटका नामांकितांनाही बसला आहे. अमेरिकी बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्स याने सामन्यातील स्वतःचेच छायाचित्र फेसबुकवर टाकले, तेव्हा ते टिपणाऱ्या छायाचित्रकाराने २०२० साली त्याच्यावर दावा लावला. जेम्सनेही प्रतिदावा ठोकला आणि २०२१ मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले. तडजोडीने वाद संपला. तत्त्वाचा निर्णय झाला नाही.

मग किंमत कशाच्या आधारे ठरावी? फिल्मच्या काळात उत्तर सोपे होते. एका रोलमध्ये ३६ चित्रे, धुलाई आणि छपाई यांचा खर्च प्रत्येक चित्रामागे मोजता येई आणि ग्राहकाच्या हाती कागद पडे. डिजिटल तंत्राने हा हिशेबच पुसून टाकला. आता एक प्रत काय नि शंभर प्रती काय, जादा खर्च जवळपास शून्य. त्यामुळे ‘फाइलचे एवढे पैसे?’ असे ग्राहकाला वाटते. वास्तविक खर्च फाइलचा नसतोच; तो छायाचित्रकाराच्या दिवसाचा, कॅमेऱ्याच्या झिजेचा, हजारो चित्रांतून निवड करण्याचा आणि कधीच न विकल्या जाणाऱ्या चित्रांचा असतो. थोडेच लोक विकत घेणार म्हणून भाव चढा ठेवायचा आणि भाव चढा म्हणून थोड्यांनीच घ्यायचे, असे हे दुष्टचक्र आहे. उरलेले शिक्क्यासकट चित्र पडद्यावरून उचलून समाजमाध्यमांवर टाकतात. त्यात छायाचित्रकाराच्या पदरी काहीच पडत नाही.

हौशी धावपटूपुरता हा केवळ खिशाचा प्रश्न आहे. जिल्हा पातळीवरील कबड्डीपटू, कुस्तीगीर किंवा शालेय धावपटू यांची गोष्ट निराळी. प्रायोजकाला पाठवायच्या अर्जाला, गावातल्या सत्काराच्या फलकाला, क्वचित पुढच्या संधीलाही एक चांगले छायाचित्र हातभार लावते. ज्याला बूट घेताना दहादा विचार करावा लागतो, त्याच्याकडून शहरी मॅरेथॉनपटूच्या दराने पैसे मागणे म्हणजे त्याच्या कर्तृत्वाचा पुरावाच त्याच्यापासून दूर ठेवणे होय. दुसरीकडे, ‘तुमचेच नाव होईल’ असे सांगून स्थानिक छायाचित्रकाराला फुकट राबवणे हीदेखील तेवढीच जुनी खोड आहे. दोघे दुबळे एकमेकांशी घासाघीस करतात आणि ज्याच्या स्पर्धेची जाहिरात या चित्रांतून होते, तो आयोजक नामानिराळा राहतो.

त्यामुळे मार्ग आयोजकाच्या दारातूनच जायला हवा. छायाचित्रकाराला दिवसाचे ठरलेले मानधन द्यावे, ते प्रवेशशुल्कात किंवा प्रायोजकाच्या रकमेत धरावे आणि प्रत्येक सहभागी खेळाडूला वैयक्तिक वापरासाठी चित्र शिक्क्याविना मिळावे. काही स्पर्धांनी प्रायोजकाचे बोधचिन्ह कोपऱ्यात छापून मोफत चित्रे देण्याचा मार्ग पत्करला आहे. तो सर्वांना रुचेल असे नाही, पण खर्चाचा भार कोणावर हे त्यात निदान उघड असते. मोठ्या आकाराची छपाई, खास टिपलेली चित्रमालिका यांसाठी वेगळा दर ठेवण्यास छायाचित्रकार मोकळा असावाच.

व्यापारी वापराचे तत्त्व मात्र वेगळे हवे. भिंतीवर लावायचे चित्र आणि बुटांच्या जाहिरातीतले चित्र यांचे मोल एक असू शकत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ साली आयसीसीच्या एका दाव्यात, प्रसिद्धीचा हक्क व्यक्तीचा असतो, स्पर्धेचा किंवा तिच्या आयोजकाचा नव्हे, असे म्हटले होते. हे सूत्र नामवंतांपुरते राखून ठेवण्याचे कारण नाही. छायाचित्राची मालकी छायाचित्रकाराची असली तरी त्यातील चेहऱ्यावर माल विकायचा असेल, तर खेळाडूची संमती आणि वाटा दोन्ही हवेत. प्रवेशअर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘छायाचित्रे कोणत्याही कारणासाठी वापरण्यास मान्यता’ असे छापून ती गृहीत धरणे प्रामाणिकपणाचे नव्हे. अल्पवयीन खेळाडूंच्या बाबतीत तर मुळीच नव्हे.

यांपैकी कशासाठीही नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. चित्र कोणाचे, ते कोणाला कशासाठी मिळणार आणि पैसे कोण देणार, ही तीन वाक्ये प्रवेशअर्जावर ठळक अक्षरांत छापली तरी निम्मे तंटे मिटतील. खेळाडू आणि छायाचित्रकार हे एकाच क्षणाचे दोन भागीदार आहेत. एकाने तो क्षण घडवला, दुसऱ्याने तो टिकवला. त्या क्षणाचा हिशेब शर्यत सुटण्यापूर्वीच झालेला बरा.